साखरपुड्याचा साक्षीदार

कळंबच्या शरणबसप्पांच्या कापसाच्या जिनमध्ये इरम्मा नर्सबाई रुजू झाल्या आणि पहिल्याच सोमवारी हेडक्लार्क नारायणरावांची नळी लाल झाली.

नळी म्हणजे काचेची परीक्षानळी. तिच्यात निळं औषध घ्यायचं, माणसानं घरून बाटलीत आणलेल्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. रंग निळाच राहिला तर माणूस ठीक. हिरवा झाला तर थोडी साखर, पिवळा झाला तर बरीच, आणि विटेसारखा लाल झाला तर इरम्माबाई चष्मा काढून त्या माणसाकडे नुसत्या बघत. नारायणरावांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"पाय जळजळायला लागून किती वर्षं झाली रि?" त्यांनी विचारलं.

"पाय जळजळतात हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"नळीनं."

शरणबसप्पा हे काही धर्मात्मा नव्हते. आदल्या हंगामात त्यांचा इंजिनवाला रक्तदाबानं चक्कर येऊन पडला आणि ऐन कापसाच्या दिवसांत जिन साडेतीन दिवस बंद राहिली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की इंजिनाला तेलपाणी करायला माणूस आहे, पण माणसांना तेलपाणी करायला कोणीच नाही. म्हणून त्यांनी नळदुर्गाकडच्या, सोलापुरात शिकलेल्या आणि प्रत्येक वाक्याला कानडी शेपूट लावणाऱ्या इरम्माबाईंना नेमलं. दर गुरुवारी डॉक्टर येऊन औषध लिहून देत. ते औषध माणसाच्या पोटात जातंय की खिशात राहतंय, हे उरलेले सहा दिवस इरम्माबाई बघत.

पाहणीत जिनमधली बारा माणसं जुनाट दुखण्याची निघाली. इरम्माबाईंनी त्यांना सरकीच्या गोदामासमोर उभं केलं.

"दुखणं काही माझ्या खोलीत राहत नाही रि," त्या म्हणाल्या. "ते घरात राहतं, पारावर राहतं, लग्नाच्या पंगतीत राहतं. तिथं मी कुठं येऊ? म्हणून जोड्या लावते. ह्यानं त्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्यानं ह्याच्यावर. सोमवारी मला सांगायचं."

शरणबसप्पांनी त्यात आपलं एक कलम घातलं. दुखण्यामुळं ज्याला जी सोय मिळाली असेल, ती जोडीदाराचं बिघडलं तर दोघांचीही बंद.

नारायणरावांची जोडी लिंबाजीशी लागली. लिंबाजी बेंबळीचा. चौदा वर्षं रेच्याच्या खात्यात, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांपाशी, काम करून कापसाची फूस त्याच्या छातीत जाऊन बसली होती आणि त्याला दमा लागला होता. इरम्माबाईंनी त्याला आतून काढून फाटकावर बसवलं. फाटकावर स्टूल होतं, लिंबाचं झाड होतं आणि मुख्य म्हणजे हवा होती. त्या बदल्यात त्यानं विडी सोडायची होती.

नारायणरावांनी हे काम मनावर घेतलं. निजामाच्या अमलात त्यांनी उर्दूत कारकुनी केली होती, अमल गेल्यावर मराठीत केली. दोन्ही राज्यांत त्यांच्या कागदावर कधी खाडाखोड झाली नाही. रोज सकाळी ते लिंबाजीला हात पुढे करायला लावत, बोटांचा वास घेत, पागोट्याचे पदर उलगडून बघत आणि वहीत 'विडी नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहीत. दोन महिन्यांत लिंबाजीची विडी खरोखरच सुटली. त्याला रात्रीची सलग झोप लागू लागली. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

स्वतःच्या बाबतीत मात्र नारायणरावांना इतकी बारीक देखरेख पसंत नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिंबाजीला बाजूला घेतलं.

"हे बघ लिंबाजी. एखादे वेळी तू विडी ओढलीस तर मी बघणार नाही. एखादे वेळी मी पेढा खाल्ला तर तू बघू नकोस. काय?"

लिंबाजीनं दुपारपर्यंत विचार केला आणि मग इरम्माबाईंकडे जाऊन हे बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त विचारल्यावर खोटं सांगता येत नसे, आणि इथं तर बाई दर सोमवारी विचारत.

गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी नारायणरावांना रोज सकाळी सुई लिहून दिली. सुईचं औषध इरम्माबाई ओल्या वाळूच्या माठात ठेवत आणि रोज आठ वाजता नारायणरावांच्या घरी येऊन टोचत. येत मागच्या दारानं. कारण नारायणरावांची मुलगी वनमाला लग्नाची होती, आणि घरात साखरेचा आजार आहे हे कळलं तर स्थळं फिरकणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती. शेजारी त्यांनी सांगून ठेवलं होतं, की नर्सबाई वनमालाला शिवणकाम शिकवायला येतात. दोन महिन्यांत वनमालानं एक रुमालही शिवला नव्हता. पण सुई किती उकळायची, कुठं टोचायची आणि टोचल्यावर काय बघायचं, हे तिला पाठ झालं होतं.

लिंबाजीलाही बाईंनी पढवलं होतं. "सुई घेतल्यावर अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे. नाही जेवलं तर सुई उलटती. घाम, थरथर आणि वेडंवाकडं बोलणं. ही तीन दिसली की?"

"साखर घालायची तोंडात. वाट बघायची न्हाय."

"आणि लोकांत?"

"रोगाचं नाव काढायचं न्हाय."

अशा वेळेसाठी बाईंनी नारायणरावांकडे खडीसाखरेची पुडी दिली होती. ती पहिल्याच दिवशी संपली.

मार्गशीर्षात वनमालाचं जमलं. मुलगा उस्मानाबादेत शाळामास्तर. वडील वसंतराव तुळजापूरचे, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, तिरकी काळी टोपी घालणारे आणि समोरच्याचं वाक्य चुकलं तर ते दुरुस्त करून मगच उत्तर देणारे. नारायणरावांचं मूळ घराणंही तुळजापूरचंच, त्यामुळं बोलणी लवकर झाली. रविवारी कळंबला मुलीच्या घरी साखरपुडा ठरला.

शनिवारी इरम्माबाईंनी लिंबाजीला बोलावलं. "उद्या मी सुई टोचून साडेआठच्या गाडीनं गावी जाणार. नारायणरावांकडं साखरपुड्यात गोडधोड असणार रि. तू जा."

"मला कोन बोलावतंय तितं?"

"मी बोलावते. सोमवारी नळी लाल झाली तर तुझं फाटक जाईल."

लिंबाजी रविवारी धुतलेलं धोतर आणि नवं पागोटं घालून नारायणरावांच्या दारात उभा राहिला. आठ वाजता सुई झाली. शारदाबाईंनी, म्हणजे नारायणरावांच्या पत्नीनं, ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी पुढं ठेवली. नारायणरावांनी पहिला घास मोडला आणि तेवढ्यात दारात गलका झाला. तुळजापूरहून येणारी गाडी कधीही दहाच्या आत येत नसे. त्या दिवशी ती सव्वाआठला आली.

नारायणराव घास टाकून उठले. वसंतराव, त्यांची बायको, नवरा मुलगा, भटजी आणि सत्तरीच्या मथुराआत्या असे सगळे बैठकीत येऊन बसले. मथुराआत्या या वसंतरावांच्या आत्या. लग्न जमवणं आणि मोडणं या दोन्ही कामांत त्यांचा शब्द शेवटचा असे. नारायणरावांच्या मागं, भिंतीला टेकून, लिंबाजी उभा राहिला.

पहिल्यांदा चहा आला. गूळ घालून केलेला, घट्ट. नारायणरावांनी कप उचलला. मागून एक हात आला आणि कप घेऊन गेला.

"न्हाय चालत रावसाब," लिंबाजी हळूच म्हणाला.

बैठकीतली सगळी माणसं त्या कपाकडे बघू लागली. आता तो कप घेऊन उभं राहणं लिंबाजीला बरं दिसेना. अन्न टाकून देणं त्याला पटत नव्हतं, म्हणून त्यानं तो पिऊन टाकला.

"हा कोण?" मथुराआत्यांनी विचारलं.

"आमच्या जिनमधला. घरचाच माणूस," नारायणराव म्हणाले. "त्याचं असं आहे, की माझा आज उपास असतो."

"रविवारी?"

"सोनारीच्या काळभैरवाचा. रविवार धरलेत."

लिंबाजी दरवर्षी चैत्रात पायी सोनारीला जात असे. देवाचं नाव असं वाऱ्यावर घेतलेलं ऐकून त्यानं मागच्या मागं दोन्ही गालांवर हलकेच चापट्या मारून घेतल्या.

मथुराआत्यांचा चेहरा उजळला. "अगं बाई! काळभैरव म्हणजे आमचं कुलदैवत. वसंता, बघ, घराणं कसं जुळतंय! पण मग उपासाला चहा चालतो की. आणि हा का अडवतो?"

नारायणरावांनी आयुष्यभर सरळ कागद लिहिले होते. त्यामुळं खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि एकदा सुरू केल्यावर कुठं थांबायचं तेही कळत नव्हतं. "व्रताला साक्षीदार लागतो," ते म्हणाले. "बरोबर एक माणूस ठेवावा लागतो. व्रत मोडू नये म्हणून."

"हे मी कधी ऐकलं नाही," आत्या म्हणाल्या.

"'व्रत मोडू नये' नव्हे, 'व्रतभंग होऊ नये म्हणून' असं म्हणा," वसंतराव म्हणाले.

उपास म्हटल्यावर शारदाबाई धावल्या. नवऱ्याच्या पोटात घास गेलेला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण पाहुण्यांसमोर उपासवाल्याला भाकरी कशी देणार? त्यांनी घाईनं रताळ्याच्या गोड फोडी केल्या आणि पानात राजगिऱ्याचे दोन लाडू ठेवून बाहेर आणले. नारायणरावांनी हात पुढं केला. लिंबाजीनं पान उचललं.

"ह्ये तर लईच गोड हाय," तो म्हणाला आणि खाऊ लागला.

"व्रत मालकाचं आणि जेवतो साक्षीदार!" मथुराआत्या म्हणाल्या.

पानावर काय वाढावं, हे आता कुणालाच कळेना. आत्यांनी आपल्या पिशवीतून कुंथलगिरीचे पेढे काढले. "हा तर निव्वळ खवा. कुठल्याही उपासाला चालतो. व्याह्याच्या हातचा आहे, नाही म्हणू नये." वसंतरावांनी एक पेढा नारायणरावांच्या तोंडाशी नेला. तपकिरी, दाणेदार, तुपानं चमकणारा पेढा. नारायणरावांनी डोळे मिटून तोंड उघडलं. लिंबाजीनं मधल्या मध्ये तो पेढा व्याह्याच्या बोटांतून काढून घेतला. व्याह्याचा मान राहावा म्हणून तो खाल्लाही. वसंतरावांची दोन बोटं बराच वेळ तशीच हवेत राहिली.

"निर्जळी आहे," नारायणराव घाईनं म्हणाले. "आज निर्जळी उपास आहे."

झालं. आता घरात कुणी त्यांना पाण्याचा थेंबही देईना. शारदाबाईंनी आतून दोनदा खूण केली. नारायणरावांनी उठायचा प्रयत्न केला, तर मथुराआत्यांनी बसवून घेतलं आणि काळभैरवाची सबंध कथा सांगितली. लिंबाजी मात्र निश्चिंत होता. साडेदहापर्यंत पाहुण्यांच्या आग्रहानं त्याच्या पोटात तीन कप चहा, चार लाडू आणि पाच पेढे गेले होते. नारायणरावांच्या पोटात काहीच गेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला कामगिरी चोख झाल्याची खूण वाटत होती. उपास म्हणजे गोड नाही, गोड नाही म्हणजे नळी निळी, इतका सरळ त्याचा हिशेब होता. भाकरीच्या पहिल्या घासावरून नारायणराव उठले, तेव्हा तो दाराबाहेर पाहुण्यांच्या पिशव्या उतरवून घेत होता. ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

अकराला मुहूर्त होता. वनमाला हिरवं लुगडं नेसून पाटावर येऊन बसली. भटजींनी मंत्र म्हटले. वसंतरावांच्या बायकोनं तिची ओटी भरली आणि जरीच्या कागदात गुंडाळलेला, निमुळता, वीतभर उंचीचा साखरेचा पुडा तिच्या हातात दिला. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. नारायणरावांनी मात्र अक्षता टाकल्या त्या थेट वसंतरावांच्या टोपीवर.

"गाठ नंबर सत्तावन्न," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" वसंतरावांनी विचारलं.

"सत्तावन्न नंबरची कापसाची गाठ कुणी फोडली?" नारायणरावांचा आवाज चढला. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि हात लटलटत होते. "ए काळी टोपी! नुसता उभा काय राहतोस? उचल गाठ! लाव पाठीला!"

वसंतरावांना आयुष्यात कुणी 'ए' म्हटलं नव्हतं. ते कोणतं वाक्य दुरुस्त करावं या विचारात पडले. मथुराआत्या उठल्या. त्या नारायणरावांच्या अगदी जवळ गेल्या, त्यांच्या तोंडाशी नाक नेलं आणि दोनदा हुंगलं.

"वास तर येत नाही," त्या म्हणाल्या.

"वास न येणारीही मिळते म्हणतात," भटजी म्हणाले. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून त्यांनी "ऐकलंय" अशी पुस्ती जोडली.

"सकाळी सकाळी!" वसंतरावांची बायको म्हणाली. "आणि म्हणे निर्जळी!"

"म्हणूनच तो हमाल बरोबर ठेवलाय," वसंतराव म्हणाले. "प्यायलेल्या माणसाला सांभाळायला! उठा सगळे. या घरात माझा मुलगा मी देणार नाही." आणि त्यांनी पुडा परत घेण्यासाठी वनमालाकडे हात केला.

लिंबाजी भिंतीपासून सुटला. घाम. थरथर. वेडंवाकडं बोलणं. तिन्ही समोर होती.

"आईसाब, रावसाब सकाळी जेवलं का न्हाय?"

"कुठचं रे!" शारदाबाई दारातून रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "घास मोडला तो तसाच ठेवून उठले."

आपला सरळ हिशेब उलटा पडला, हे लिंबाजीला कळलं. "साखर!" तो ओरडला. "साखर आना लौकर!"

सकाळपासून गोडाचा कण मालकाच्या तोंडात न जाऊ देणारा हा माणूस आता साखर मागतोय, याचा अर्थ कुणाला लागेना. सगळे जागच्या जागी उभे राहिले. नारायणराव भिंतीवर रेलले होते आणि त्यांचे डोळे फिरायला लागले होते. वनमालानं एकदा वसंतरावांच्या पुढं आलेल्या हाताकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे पाहिलं, आणि हातातला पुडा लिंबाजीसमोर धरला.

"हा घे. फोड."

"ताई, ह्ये तर तुमचं..."

"फोड म्हणते ना!"

लिंबाजीनं जरीचा कागद दातानं फाडला. वनमालानं वडिलांचं डोकं मांडीवर घेतलं, जबडा उघडला आणि लिंबाजीनं मुठीनं साखर घातली. थोडं पाणी, पुन्हा साखर. पाटाभोवती साखरेचा सडा पडला. मथुराआत्या "पुडा! पुडा!" एवढंच म्हणत होत्या.

दहा मिनिटांनी नारायणरावांचा घाम निवला. त्यांनी डोळे उघडले, भोवतालची माणसं ओळखली आणि मिशीवरची साखर चाटली.

"अक्षता झाल्या?" त्यांनी विचारलं.

शेवटी वनमालाच बोलली. "बाबांना साखरेचा आजार आहे. रोज सकाळी सुई घ्यावी लागते. सुईवर जेवण झालं नाही की असं होतं. उपासबिपास काही नव्हता. तुम्हाला कळू नये म्हणून ते बोलले."

नारायणरावांनी डोळे पुन्हा मिटून घेतले. ज्या एका शब्दासाठी दोन महिने मागचं दार वापरलं, तो शब्द मुलीनं व्याह्यांच्या तोंडावर सांगितला होता. आता ही माणसं उठणार, गाडी पकडणार आणि तुळजापुरात घरोघर सांगणार.

वसंतराव मात्र खाली बसले.

"म्हणजे दारू नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"आमच्या सात पिढ्यांत कुणी वासही घेतला नाही," नारायणराव मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

"नुसता आजार?"

"नुसता."

वसंतरावांनी टोपी काढून घाम पुसला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! मी केवढा घाबरलो!" त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की जणू व्याह्यांना आजार आहे ही त्यांनी दिवसभरात ऐकलेली सर्वांत चांगली बातमी होती. आणि एका परीनं ती होतीच. हेच वाक्य त्यांना सकाळी सव्वाआठला कुणी सांगितलं असतं, तर ते चहाही न घेता परत गेले असते.

"पण पुडा?" त्यांच्या बायकोनं विचारलं. "पुडा तर मुलीच्या बापानं खाल्ला. साखरपुडा झाला की नाही झाला?"

सगळ्यांनी भटजींकडे पाहिलं. भटजींनी थोडा वेळ छताकडे पाहिलं. "पुडा मुलीच्या हातात पडला होता?"

"पडला होता."

"मग झाला. पुढं त्याचं कुणी काय करावं, यावर शास्त्र काही बोलत नाही."

मथुराआत्या अजून पाटावरची साखर पदरानं गोळा करत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "वसंता, तुझा बाप असाच चक्कर येऊन पडला, तेव्हा आपण सगळे मुहूर्त कुठला चाललाय ते बघत बसलो होतो. ही पोरगी आपल्या घरात पाहिजे." मग त्या लिंबाजीकडे वळल्या. "आणि तू रे साक्षीदारा, जेवायला बस. का भरलं पोट?"

"भरलंय आत्याबाई," लिंबाजी म्हणाला. "गच्च."

सोमवारी सकाळी नारायणरावांची नळी लाल झाली. होणारच होती. सुईचा उलटा फेरा, दोन मुठी साखर आणि वर साखरपुड्याचं जेवण. इरम्माबाईंनी चष्मा काढला.

"गोड कुणी दिलं?"

"म्या," लिंबाजी म्हणाला. त्यानं फाटकावरचा आपला पंचा आणि पाण्याचं गाडगं बरोबरच आणलं होतं. रेच्याच्या खात्यात परत जायचं, हे तो गृहीत धरूनच आला होता. पायरी चढतानाच त्याला धाप लागली होती.

शरणबसप्पांसमोर सगळी हकीकत झाली. नारायणरावांनी ती स्वतः सांगितली. उपास, साक्षीदार, निर्जळी, काहीही गाळलं नाही. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "याची नाही. यानं माझा जीव वाचवला."

"तुमी खरं बोलला, बरं वाटलं," शरणबसप्पा म्हणाले. "पण कलम ते कलम. जोडीतल्या एकाचं बिघडलं की सोय दोघांची बंद. लिंबाजी आत जाईल."

"दम्याचा माणूस आत जाणार नाही रि," इरम्माबाई म्हणाल्या. "त्याला आत घातलं तर मी नळदुर्गची गाडी धरते. मग रक्तदाब तुमी मोजा."

शरणबसप्पांनी दोघांकडे पाहिलं. कलम मोडायचं नव्हतं आणि बाईही घालवायची नव्हती.

"जोडीतलं कुणीतरी आत गेलं पाहिजे, एवढंच ना?" ते म्हणाले. "एक फाटकावर राहू दे. दुसरा आत जाईल."

अशा रीतीनं हेडक्लार्क नारायणराव आठवडाभरासाठी रेच्याच्या खात्यात गेले. तिथं खुर्ची नव्हती. गाठी मोजायच्या तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावं लागे, आणि रेचे इतके धडधडत, की माणसाला बोलावण्यापेक्षा त्याच्याकडे चालत जाणं सोपं. पहिल्या दिवशी संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवया, मिशी आणि कानावरचे केस पांढरेशुभ्र झाले होते. खोकला त्यांना थांबवता येईना. फाटकावर लिंबाजी उठून उभा राहिला.

"लिंबाजी," नारायणराव म्हणाले, "तू चौदा वर्षं होतास यात?"

"व्हय."

नारायणराव आणखी काही बोलणार होते. पण त्यांना पुन्हा खोकला आला.

दुसऱ्या दिवसापासून लिंबाजी बरोबर दहाला आणि दीडला फाटक बंद करून भाकरी घेऊन आत येई, नारायणरावांसमोर उकिडवा बसे आणि शेवटचा घास गिळला जाईपर्यंत हलत नसे. आत सहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायची त्याला बाईंची मनाई होती. त्यामुळं हेडक्लार्क सहा मिनिटांत जेवायला शिकले. नारायणरावांनी मालकांना अर्ज लिहिला, की खात्याच्या दोन्ही भिंतींना वर झरोके पाडावेत. अर्ज सुवाच्य होता. शरणबसप्पांनी मंजूर केला.

पुढच्या सोमवारी इरम्माबाईंनी नळी दिव्यावर धरली. औषध उकळलं. त्या वाट बघत राहिल्या. रंग हलेना. त्यांनी नळी उजेडात नेली, हलवली आणि पुन्हा बघितली. नळी निळी होती.

"आठ दिवसांत!" त्या म्हणाल्या. "दिवसभर चालणं, वेळेवर भाकरी. औषधानं जे झालं नाही ते चालण्यानं झालं रि!"

नारायणराव प्रथमच त्यांच्यासमोर हसले. शिक्षा संपली होती, नळी निळी होती, वनमालाच्या लग्नाचा मुहूर्त माघातला निघाला होता. ते आपल्या जुन्या टेबलाच्या दिशेनं निघाले.

"कुठं चाललात?" शरणबसप्पांनी विचारलं.

"कचेरीत. आठवडा झाला."

"जागा मानवली तर सोडायची कशाला? बाई, काय म्हणता?"

"मी लिहूनच देते," इरम्माबाई म्हणाल्या. "हंगाम संपेपर्यंत आतच. नाक बांधून."

"पण माझे कागद?"

"कागद आत पाठवतो," शरणबसप्पा म्हणाले.

नारायणरावांनी लिंबाजीकडे पाहिलं. निदान हा तरी काही बोलेल, अशी त्यांना आशा होती. लिंबाजीनं खांद्यावरचा धुतलेला पंचा काढला, त्याची तिहेरी घडी घातली, हेडक्लार्कांच्या नाकावरून मागं नेली आणि मानेशी घट्ट गाठ मारली. मग दोन पावलं मागं सरून त्यानं काम नीट झालंय का ते बघितलं.

"झ्याक बसलं," तो म्हणाला. "नाकाला बांधलं की तोंडबी आपसूक झाकतंय, रावसाब."